रेसट्रॅकची वाट, टायरमधली हवा आणि गॅसची टाकी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅलीत रेसट्रॅक प्लायाला, म्हणजे एका कोरड्या सपाट तळ्याला, जाऊन आलो. आमच्या गाडीत आम्ही दोघं आणि मुलगी, दुसऱ्या गाडीत सॅन डिएगोचे दादा-वहिनी. आपणहून सरकलेले दगड पाहायला लोक तिथे जातात, आम्हीही त्यासाठीच गेलो. पण कुणी तिथे जायचा विचार करत असेल, तर दगडांच्या आधी टायरचं सांगायला हवं.

उबेहेबे या ज्वालामुखीच्या विवरापाशी डांबर संपतं. तिथून रेसट्रॅक २७ मैल, म्हणजे ४३ किलोमीटर. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, आणि मधेमधे धारदार खडी. मोबाइलला रेंज नाही, गाडी ओढून आणायला फार पैसे पडतात. मी विवरापाशीच चारही टायर ३६ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) २२वर आणले. हवा कमी केली की टायर खड्यावर दबतो, खडा आत घुसत नाही, आणि गाडीचे हादरेही कमी होतात. दादा तयार होईनात. त्यांचा छोटा कंप्रेसर चार टायरना अर्धा तास घेतो, संध्याकाळी थंडीत कोण बसणार, असं त्यांचं म्हणणं. ते ३५वरच निघाले.

टीकेटल जंक्शनला, जिथे येणारे-जाणारे पाटीवर किटल्या अडकवून जातात, तिथे थांबलो तेव्हा त्यांच्या मागच्या उजव्या टायरची हवा जवळजवळ गेली होती. नशिबाने छिद्र वरच्या नक्षीत होतं, बाजूच्या भिंतीत नव्हतं. पंक्चरच्या किटमधली चिकट दोरी छिद्रात ठोकून बसवली आणि माझ्या गाडीतली कार्बन डायऑक्साइडची टाकी काढली. पाऊण मिनिटात टायर २२वर. मग दादांनी उरलेल्या तीनही टायरची हवा उतरवली. मला या टाकीबद्दल वाटतं ते हेच: परत भरायची सोय चटकन होणारी असेल, तरच माणूस मनापासून हवा सोडतो.

टाकी ॲल्युमिनियमची, साडेचार किलो वायू मावणारी. आत हवा नसते, दाबाखाली द्रव झालेला कार्बन डायऑक्साइड असतो. तोच वायू होऊन बाहेर येतो. म्हणून एवढ्याशा टाकीत जवळपास अडीच हजार लिटर वायू मावतो. माझ्या २८५/७०/१७च्या टायरला २२वरून ३६वर जायला साधारण दीडशे ग्रॅम लागतात, म्हणजे एका गाडीला सहाशेच्या आसपास. भरलेल्या टाकीत सात वेळा चार टायर व्हायला हवेत. कागदावर.

रेसट्रॅकवर दोन तास होतो. दगडांमागच्या रेघा पाहून मुलगी किती तरी वेळ गप्प होती. हिवाळ्यात तिथे कधीतरी पाणी साचतं, त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, आणि उन्हाने तो तडकला की मंद वाराही त्याचे तक्ते दगडांवर ढकलतो आणि दगड सरकतात. हे संशोधकांनी २०१३च्या डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष पाहिलं. जमीन ओली असेल तर कृपा करून पाऊल टाकू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात. गाडी तर कधीच नाही.

परत विवरापाशी आलो तेव्हा अंधारत होतं, तापमान १० अंश. पुढे डांबर, म्हणून आठही टायर पुन्हा भरायचे होते. टाकीवरचा दाबाचा काटा ६४० पीएसआय दाखवत होता, रेग्युलेटरवर (वायूचा दाब कमी करून सोडणाऱ्या भागावर) पांढरं हिव साचलेलं. सहा टायर झाले आणि सातव्याला काटा बघता बघता खाली आला. टाकी संपली. उरलेले दोन टायर दादांच्या त्याच कंप्रेसरने भरले.

चूक माझी होती. काट्यावर विश्वास ठेवला. आत द्रवाचा थेंब असेपर्यंत काटा फक्त तापमान सांगतो: २० अंशांना सव्वाआठशेच्या आसपास, १० अंशांना साडेसहाशेच्या खाली, मग टाकी भरलेली असो की तळाला आलेली. दुकानातून आणली तेव्हाही काटा छान वर होता, पण आत जेमतेम सव्वा किलो असणार. टाकी गरम असताना भरली तर द्रव पुरेसा जातच नाही. म्हणून आता दुकानात नेण्याआधी टाकी रात्रभर गार ठेवतो, आणि घरी येऊन तोलतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या खांद्यावर कोरलेलं असतं. भारतात जाताना बॅगा तोलायचा हातातला काटा घरी असतोच, तो पुरतो.

भरून देणारे तीन ठिकाणी सापडतात: वेल्डिंगचा गॅस विकणारे, अग्निशामक टाक्यांची देखभाल करणारे, घरी बिअर बनवण्याचं सामान ठेवणारे. काही जण तुमची टाकी ठेवून दुसरी देतात. तसं नको असेल तर आधीच सांगा. आत तळापर्यंत नळी असलेली टाकी घेऊ नका, तिच्यातून द्रव येतो. दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते, तारीख ठोकलेली असते, जुनी असेल तर दुकानदार भरत नाही.

गाडीत टाकी उभीच बांधायची, वापर झाला की झडप बंद. हादऱ्यांनी पट्टे सैल होतात; माझे टीकेटलपर्यंत दोन बोटं सैल झाले होते. गाडीत झोपणार असाल तर टाकी बाहेर काढा. गळती झाली तर हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो आणि माणूस गुदमरतो. उन्हाळ्यात बंद गाडीत तर ठेवूच नका: ३१ अंशांच्या वर द्रव-वायू हा भेदच संपतो, तापेल तसा दाब झपाट्याने चढतो आणि सुरक्षा चकती (दाब फार वाढला की फुटून वायू सोडणारी) फुटू शकते. ज्या दरीत १९१३मध्ये ५६.७ अंश नोंदले गेले, तिथे ही धास्ती खरी आहे. नोव्हेंबर ते मार्च जा.

भरताना वायू गार शिरतो, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, एक-दोन पीएसआय वाढलेले सापडतात. पुढच्या काही आठवड्यांत मात्र दाब उतरतो, कारण हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी पोचल्यावर साध्या हवेची भर घाला.

विमानाने येणाऱ्यांनी या फंदात पडू नये, भरलेली टाकी विमानात नेता येत नाही. भाड्याच्या गाडीचा करार कच्च्या रस्त्याला परवानगी देतो का ते वाचा, आणि बारा व्होल्टचा बरा कंप्रेसर सोबत घ्या. आम्हीही आता तो घेऊनच जाणार आहोत, टाकीच्या शेजारी.