डाव्या पायडलचे आटे

सायकलचं डावं पायडल उलटं फिरवून बसवायचं असतं, हे मला वयाच्या ४६व्या वर्षी कळलं. लहानपणी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत सायकल शिकले, पण पायडल बसतं कसं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

सायकल ऑनलाइन मागवली होती. मोठा खोका जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये येऊन पडला. बरीचशी जोडलेली होती. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल एवढंच बसवायचं होतं. आमचे हे म्हणाले, "मिस्त्रीला बोलवू." मी म्हटलं, स्कूटीचा प्लग मी बदलते, चार नट आवळता येणार नाहीत का? इथेच घात झाला.

पायडलवर एल आणि आर असं कोरलेलं होतं. आर उजवीकडे छान बसलं. एल काही केल्या डावीकडे पकड घेईना. मी आपली घड्याळाच्या काट्यासारखी फिरवतेय आणि ते नुसतंच गरगर फिरतंय. मग मी निष्कर्ष काढला, की कारखान्यात अक्षरं चुकीची कोरली असणार. उजवं काढलं आणि डावीकडे लावून पाहिलं. आता पकड आली! थोडं घट्ट जात होतं, म्हणून पान्यावर सगळा भार टाकला. दीड फेरा झाला आणि फरशीवर चमचमणारा चुरा पडला. ॲल्युमिनियमचा.

सायकल ढकलत आसरा चौकाकडे निघाले. तिथले मिस्त्री, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, पूर्वी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, होते. पायडलकडे बघायच्या आधीच म्हणाले, "ताई, चिमटा उलटा आहे की ओ." चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा. पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागच्या बाजूला गेला होता. हँडल बसवताना मला ते दिसलंच नव्हतं. दोन मिनिटांत त्यांनी सरळ केलं.

पायडलचं मात्र नीट समजावून सांगितलं. डावीकडचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. उजव्यासारखेच असते तर पायडल मारता मारता हळूहळू ढिलं होऊन निसटलं असतं. "आधी बोटांनी फिरवायचं. बोटांनी जात नसेल तर पाना घ्यायचाच नाही, काहीतरी चुकतंय समजायचं." आणि एक खूण सांगितली, ती मी कधी विसरणार नाही: पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की पायडल आवळतं. कुठल्याही बाजूचं असो. क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्यात, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केले, ग्रीस लावलं आणि पायडल मलाच बसवायला लावलं. दीडशे रुपये. अजून दोन फेरे मारले असते तर क्रँकच बदलावा लागला असता.

सीट मी खाली ठेवली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी. सुरक्षित वाटायचं. आठवडाभरात गुडघे बोलायला लागले. अण्णांनी भिंतीला धरून बसायला सांगितलं: टाच पायडलवर ठेवायची, पायडल तळाला असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट तीन बोटं वर गेली (दांड्यावर एक खूण असते, तिच्यावर ओढायची नाही). थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय व्हायला मात्र वेळ लागला; पहिल्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला एका रिक्षाला टेकून उभी राहिले.

पंक्चर झालंच. कंबर तलावाच्या बाजूला वेड्या बाभळीचा काटा. पंक्चर काढलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा बसलेलं. काटा टायरमध्येच होता. तेव्हापासून टायरच्या आतून बोट फिरवून बघते, सावकाश, कारण तोच काटा बोटातही जातो.

गिअर तिसऱ्या आठवड्यात कुरकुरायला लागले. मी घाबरले, पण अण्णा हसले. नवी केबल सुरुवातीला थोडी ताण सोडतेच. मागच्या गिअरपाशी केबल शिरते तिथे एक छोटी गोल चावी असते, ती पाव-पाव फेरा फिरवून बघायची. मग चाक उचलून त्यांनी चाकाच्या तारा (स्पोक) एकेक बोटाने छेडल्या. एक तार बद्द वाजली. "आउट आहे थोडं." म्हणजे चाक जरा वाकडं फिरतंय. मागावरचा ताण कानाने ओळखणारा माणूस, त्याला काय अवघड!

परवाच्या रविवारी पहाटे निघून तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावावर गेले. हा तलाव इंग्रजांच्या काळातला, १८७१ सालचा. वाटेत गिअर एकदा कुरकुरला. उतरून पाव फेरा फिरवला, गप्प झाला. रस्त्यात कुणीतरी आपलं कौतुक करायला हवं होतं, असं वाटलं खरं.

परत येताना नऊ वाजून गेले, ऊन चटकायला लागलं. तुळजापूर नाक्याजवळ रसाच्या गाड्यावर थांबले. सायकल गाड्याला टेकवायची का, म्हणून विचारावं लागलं. स्टँड अजून खोक्यातच आहे, स्क्रूच्या पिशवीसकट.