वीसपैकी किती?

प्रथम वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीची तोंडी परीक्षा कशी चालते, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. पटावर सव्वाशे मुले असतात, त्यांतली वर्षभर वर्गात दिसणारी पंचवीस-तीस. परीक्षेच्या दिवशी मात्र इस्त्रीचे कपडे घालून झाडून सगळी हजर होतात. एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे येतात. तेवढ्यात ओघ, व्याकरण, शब्दसंग्रह आणि उच्चार अशा चार रकान्यांत पाच-पाचपैकी गुण भरायचे आणि महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटोही काढून घ्यायचे. मुलाला इंग्रजी येते की नाही यापेक्षा परीक्षा झाल्याचा पुरावा महत्त्वाचा, ही रीत आता सगळीकडे पक्की झाली आहे.

ही मुले इंग्रजीला नवखी नसतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आमच्यापर्यंत पोहोचेतो त्यांची या विषयाशी बारा वर्षांची ओळख झालेली असते. तरीही त्यांचे पाठ्यपुस्तक उघडले की प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात 'द ओल्ड मॅन वॉज सिटिंग अंडर द ट्री' असे देवनागरीत लिहिलेले सापडते. वाचायला उभे केले की मूल वरची ओळ खणखणीत वाचते, खालच्या ओळीकडे त्याची नजरही जात नाही. त्यांच्या चुकांनाही एक शिस्त असते. 'आय ॲम गो' लिहिणाऱ्याच्या मनात 'मी जातो आहे' मधला 'आहे' बसलेला असतो. 'ए', 'ॲन', 'द' गाळणाऱ्याच्या भाषेत मुळात तशी उपपदेच नसतात. उत्तरपत्रिकेतली चूक पाहून मुलाने मनात कोणते मराठी वाक्य धरले होते, हे मला बहुतेक वेळा सांगता येते. या कौशल्याचा मला अभिमान आहे. गुणपत्रिकेत मात्र त्यासाठी रकाना नाही.

आमचे महाविद्यालय अजिंठ्याच्या परिसरात आहे. मी सांगतो आहे तो दिवस शनिवारचा होता आणि दुसऱ्या तालुक्यातून आलेले बाह्य परीक्षक माझ्या शेजारी बसले होते. सकाळपासून 'मायसेल्फ अमुक तमुक, आय ॲम बिलाँग्स टू फार्मर फॅमिली' हे एकच पारायण चालले होते. दुपारच्या सुमारास एक मुलगा आत आला आणि बसण्याआधीच म्हणाला, "सर, माझं लवकर घेता का? आज गर्दी आहे." वर्षभरात मी त्याला क्वचितच पाहिले होते. परीक्षकांनी नेहमीप्रमाणे चित्र पुढे केले. चित्रात आठवडी बाजार होता. मुलगा गप्प. नाम म्हणजे काय? गप्प. आवडता सण? 'दिवाळी', आणि पुन्हा गप्प. परीक्षकांचे पेन एकेका रकान्यात एकचा आकडा काढू लागले होते, तेवढ्यात मी सहज विचारले, "गर्दी कसली रे?"

फर्दापूरच्या तिठ्यावर पर्यटकांच्या गाड्या थांबतात आणि तिथून लेण्यांपर्यंत बसने जावे लागते. त्या तिठ्यावर त्याच्या मामाचे दगडांचे दुकान आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेले स्टिल्बाइट, हुलँडाइट यांसारखे झिओलाइट गटातले स्फटिक आणि त्यांच्या सोबतीने सापडणारे अपोफिलाइट तिथे विकायला ठेवलेले असते. परीक्षकांना गंमत वाटली. त्यांनी इंग्रजीत विचारले, परदेशी गिऱ्हाइकाशी तू बोलतोस कसा? मुलाने पाठ ताठ केली, हात पुढे आला आणि तो सुरू झाला: 'धिस वन अपोफिलाइट, सर. ग्रीन, व्हेरी रेअर. नो कलर, नो पॉलिश, नॅचरल. यू टेक टॉर्च, यू सी इनसाइड. लुकिंग इज फ्री.' मध्येच जपानी गिऱ्हाइकासाठी 'यासुई, यासुई' झाले, हजार येनचा भाव जपानीत सांगून झाला. ओघाच्या रकान्यातल्या एकच्या आकड्याकडे माझे लक्ष गेले.

हेही पाठांतरच नव्हे कशावरून, अशी शंका मला आली आणि म्हणून मी गिऱ्हाईक झालो. इंटरनेटवर हाच दगड निम्म्या किमतीत मिळतो, असे मी इंग्रजीत म्हणालो. तो क्षणभरही थांबला नाही. 'इंटरनेट ओन्ली फोटो, सर. हिअर यू टच. इफ पोस्ट ब्रेक, हू गिव्ह मनी?' या उत्तरात एकही क्रियापद धड चालवलेले नाही, पण युक्तिवाद आहे, अट आहे, प्रतिप्रश्न आहे. पाठ्यपुस्तकातला अटवाचक वाक्यांचा धडा मी सप्टेंबरमध्ये दोन तास शिकवला होता. त्या वर्गातल्या एकाही मुलाच्या तोंडून असे वाक्य मी ऐकलेले नव्हते. मग मी त्याला आईविषयी चार वाक्ये सांगायला लावली. 'माय मदर... गुड' याच्या पुढे गाडी सरकली नाही. त्याचे इंग्रजी बरोबर त्याच्या दुकानाएवढे होते, उंबऱ्याबाहेर एक पाऊलही नाही.

तो गेल्यावर आलेल्या मुलीने 'पर्यावरणाचे महत्त्व' हा निबंध एकही चूक न करता म्हणून दाखवला. उच्चार स्वच्छ, 'एस' जागच्या जागी. मी मध्येच थांबवून विचारले, तुझ्या गावात कोणती झाडे आहेत? ती गोंधळली, तिने आवंढा गिळला आणि निबंध पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केला. त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. बारा वर्षे तिला हेच करून गुण मिळाले आहेत, आणि ज्यांनी ते दिले त्यांत आम्ही सगळे आहोत.

गुणांवरून आमची घासाघीस झाली. परीक्षकांचे म्हणणे होते, "सर, त्याला 'डज' आणि 'डू'मधला फरक कळत नाही, त्याला बारा देऊन उद्या मी काय उत्तर देऊ?" माणूस प्रामाणिक होता आणि रकान्यांच्या हिशेबाने त्याचे चुकतही नव्हते. मुलीला सतरा मिळाले. मुलगा नऊवरून अकरावर आला आणि तिथेच थांबला. प्रश्न समजून त्याला नवे उत्तर देता येणे, ज्यासाठी माणूस भाषा शिकतो, त्याला त्या तक्त्यात एकही गुण नव्हता. तक्ता करणाऱ्यांनी कधी परक्या भाषेत भाजी तरी विकत घेतली असेल का, असा प्रश्न मला पडतो.

लेखी परीक्षेत त्याने, अपेक्षेप्रमाणे, प्रश्नच उत्तरांच्या जागी उतरवून काढले आणि विषय एटीकेटीत, म्हणजे पुन्हा परीक्षा देण्यासाठी मागे, राहिला. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मी त्याला सोमवारी बोलावू लागलो. तो मोबाईलवर बोलून टाइप करायचा: दगडाचे वर्णन, गिऱ्हाइकाशी झालेले भांडण, गाडी चुकल्याची हकीकत. यंत्राला 'अपोफिलाइट' कधीच कळले नाही, दर वेळी त्याने काहीतरी अचाट लिहिले आणि आम्ही हसलो. बाकीचे बरेचसे बरोबर उमटायचे. मग तो स्क्रीनवरची वाक्ये वहीत उतरवून वाचायचा. स्वतःच्या तोंडचे वाक्य असल्यामुळे त्याला वर देवनागरी लिहावी लागत नव्हती. 'आय सेल' पुसून 'आय सोल्ड' का करायचे, हेही त्याला पटले, कारण कालचा सौदा आणि आजचा सौदा यांतला फरक त्याच्या खिशाला ठाऊक होता. शिकणाऱ्याच्या बोलण्यातूनच त्याचे वाचन उभे करण्याची ही पद्धत माझी नाही, भाषाशिक्षणात ती जुनी आहे. आपल्याकडे ती बी.एड.च्या परीक्षेत टीप लिहिण्यापुरती वापरतात.

विभागाच्या बैठकीत मी सुचवले की तोंडी परीक्षेचे निम्मे गुण पाठ न करता येणाऱ्या संवादाला द्यावेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "म्हणजे आता पोरांना दगड विकायला शिकवायचं का?" सगळे हसले आणि बैठक अभ्यासक्रमपूर्तीच्या अहवालाकडे वळली. माझ्यासारख्या तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, नेमलेल्या माणसाने बैठकीत किती बोलावे याचे अलिखित नियम असतात, त्यामुळे मीही तो विषय तिथेच सोडला.

पुढच्या सत्रात मुलाने तो पेपर काढला. ऐंशीपैकी चौतीस गुण मिळाले. मी आनंदाने त्याला विचारले, लिहायला कोणता प्रश्न सोपा गेला? तो म्हणाला, "सर, खरं सांगू का, मी गाईडमधले दोन निबंध आणि तीन पत्रं घोकून गेलो होतो. त्यातलंच आलं. तुमचं ते मोबाईलचं दुकानात कामाला येतं, मेल आता मीच लिहितो. पण पेपरला ते कुठं चालतंय?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळे माल लागतात, एवढाच हिशेब होता. तो खोडून काढण्यासारखा एकही मुद्दा त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता, आणि येत्या शनिवारच्या तोंडी परीक्षेसाठी विभागाने काढलेला तक्ता मागच्या वर्षीचाच आहे.