हौदातल्या गोल्डफिशचा हिवाळा

बेळगावातल्या अनगोळला आमच्या परड्यात आजोबांच्या वेळचा सिमेंटचा हौद आहे. पूर्वी त्यावर म्हशी पाणी प्यायच्या. तीन वर्षांपूर्वी मी तो घासूनपुसून त्यात 7 गोल्डफिश सोडले. 6 बाय 4 फूट, पाणी अडीच फूट, म्हणजे साधारण 1700 लिटर.

पहिल्या डिसेंबरात थंडी पडली. आमच्याकडे सुवर्णसौधच्या, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीच्या, वाटेवर हिवाळी अधिवेशनाच्या गाड्या दिसायला लागल्या की स्वेटर काढायचा, असा हिशेब. मासे तळाला जाऊन गप्प बसले. आई म्हणाली, "गारठल्यात की रे ते, आत आण." मी मोबाईलवर वाचायला बसलो, तर तिथे सगळं बर्फाचंच: तळं गोठलं तर भोक राखा, वगैरे. बेळगावात बर्फ फक्त लस्सीत! मी आईचं ऐकलं.

दोन फुटी काचेची टाकी आणली. तिच्यात पाणी जेमतेम 55 लिटर. हीटर 26 अंशांवर लावला आणि मासे त्याच दिवशी उचलून आत टाकले. उबेत ते एकदम तरतरीत झाले, भुकेले दिसायला लागले, मीही दिवसातून तीनदा खायला घालत राहिलो. आठव्या दिवशी पाणी गढूळ आणि सगळे वर येऊन तोंडं उघडतायत. अमोनियाच्या किटमध्ये थेंब टाकले तर पिवळं राहायचं ते गडद हिरवं झालं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो पचवणारे जिवाणू हौदाच्या शेवाळलेल्या भिंतींवर राहिले होते. नव्या कोऱ्या काचेवर कुठले असणार? त्यात पाणी गरम असलं की अमोनिया जास्तच बाधतो. रोज निम्मं पाणी बदलायचं तर आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येत नाही, चार-पाच दिवसांआड येतो. पिंपातलं पाणी हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) घालून वापरलं. तरी दोन गेले. तिसऱ्याच्या अंगभर मिठासारखे पांढरे ठिपके आले. त्याला वेगळ्या टबात लिटरला 2 ग्रॅम खडेमीठ घालून ठेवला, तो मात्र वाचला.

दुसऱ्या हिवाळ्यात आधी थर्मामीटर दोरीला बांधून हौदात सोडला. सकाळी 14, दुपारी तीनला 21. चौदा अंश या माशांना काहीच नाही, ते कार्पच्या कुळातले. पुरेसं खोल तळं असेल तर बर्फाखालीही तग धरतात. मला खटकली ती दिवसरात्रीची तफावत. पाणी जितकं उथळ तितकी ती जास्त. म्हणून हौद काठोकाठ भरला आणि जुन्या दाराच्या फळीवर उसाचं पाचट भरलेली पोती टाकून संध्याकाळी निम्मा झाकायला लागलो. सकाळी पोती काढायची. एवढंच.

खाण्याचं मात्र शिस्तीनं केलं. थंड पाण्यात त्यांचं पचन मंदावतं. पाणी 10 अंशांखाली गेलं तर काहीच घालायचं नसतं. आमच्याकडे तितकं उतरलं नाही, म्हणून एक दिवसाआड, ऊन चढल्यावर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आईचे चपातीचे तुकडे बंद करणं सगळ्यात अवघड गेलं. "उपाशी मारतोस मुक्या जीवांना," हे महिनाभर ऐकलं. शेवटी भोगीच्या भाजीसाठी सोललेल्या वाटाण्यातले चार उकडून, साल काढून तिच्याच हातानं घालायला दिले, तेव्हा ती निवळली.

पाचही जण टिकले. फेब्रुवारीत दोघांच्या कल्ल्यांवर पांढरे बारीक ठिपके दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. खडेमिठाची पिशवी घेऊनच दुकानदाराकडे फोटो दाखवायला गेलो. तो हसला. "अहो, फक्त कल्ल्यांवर आणि पुढच्या परांच्या कडेलाच आहेत न्हवं? मग ते नर आहेत. गार पाणी तापायला लागलं की त्यांना असं येतं. अंगभर असते तर वेगळं."

मीठ आईच्या लोणच्याला गेलं. पंधरा दिवसांनी पहाटे हौदात खळबळ ऐकू आली. दोघे नर एका मादीला जलपर्णीत रेटत होते आणि मुळांना रव्याएवढी अंडी चिकटली होती. थोरले मासे ती खातात, म्हणून मुळं कापून बादलीत घेतली. चौथ्या दिवशी बादलीच्या कडेला पापणीच्या केसासारखं काहीतरी लटकलेलं दिसलं, तर आई चष्मा आणायला आत पळाली.