साळावली ते तळपण: चौघांची ॲडव्हेंचर रेस, माझा अनुभव

ॲडव्हेंचर रेस म्हटलं की लोक पहिलं विचारतात, किती किलोमीटर धावलात? यात धावणं फार कमी असतं हो. चौघांची टीम, हातात नकाशा आणि कंपास, जीपीएस चालत नाही, मोबाईल पिशवीत सील केलेला, आणि कायाक (वल्ह्याची अरुंद होडी), सायकल, पाय असं आलटून पालटून एकेक चेकपॉइंट गाठत रात्रंदिवस पुढे सरकायचं. चौघांनी एकमेकांपासून 100 मीटरच्या आत राहायचं हा त्यातला सगळ्यात कडक नियम. म्हणजे त्या घडीला जो सगळ्यात जास्त दमलाय त्याचा वेग तोच टीमचा वेग. आणि तो दमलेला माणूस दर काही तासांनी बदलतो, हे कुणी आधी कितीही सांगितलं तरी तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

आमच्यात दादा, वहिनी, दादाचा फोंड्याचा मित्र ज्याला सगळेच भाई म्हणतात, आणि मी. 1989 मध्ये न्यूझीलंडला पहिली रेद गोलुआज ही अशीच मोठी रेस झाली तेव्हापासून टीममध्ये निदान एक बाई हवीच असा या खेळाचा रिवाज आहे, आमच्यात दोघी होतो आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

सुरुवात दक्षिण गोव्यातल्या साळावली धरणाच्या जलाशयात. पावसाळा संपून गेलेला, धरण भरलेलं, आणि आपण ज्या पाण्यावरून वल्हं मारतोय त्याच्या खाली कुर्डी गाव आहे हे मनातून जाईना. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, जुने कुर्डीकर तिथे देवाला जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. तिथलं महादेवाचं देऊळ तेवढं दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ परत उभं केलंय. वाऱ्याने कायाक सारखी तिरकी होत होती, दादा मागून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होता, पण माझं लक्ष पाण्यातच.

सायकल घेऊन नेत्रावळी ओलांडली तोवर काळोख पडला. अभयारण्यात रात्री पायी शिरायला मनाई, रस्त्यावर मात्र सायकल चालत होती, म्हणून वेर्ल्याचा घाट हेडलॅम्पच्या उजेडात चढायचा. तिथे मी मागे पडायला लागले. दादा थांबला, सीटखालून जुन्या ट्यूबची पट्टी काढली, तिच्या दोन्ही टोकांना कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणारे धातूचे हुक, एक त्याच्या सीटपोस्टला आणि दुसरा माझ्या हँडलला.

"लाव गो हुक."

"दादा, येते ना मी."

"येतेस गो, पण वहिनी वर थांबून थांबून गार पडतेय."

मग मी गप्प हुक लावला. ती पट्टी ताणली की सायकल खेचली जात नाही, नुसती हलकी होते, पायातलं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखी. माझ्या मते टो, म्हणजे अशी ओढ, घेण्यात कमीपणा मानणाऱ्या टीम तिथेच हरतात, कारण एकजण कण्हत चढणार आणि तिघे घाम सुकून कुडकुडत वाट बघणार, त्यात कुणाचंच भलं नाही.

जंगलाची वाट सकाळी उघडणार होती तरी कित्येकजण रात्रभर सामान लावत आणि नकाशे बघत बसले. आम्ही आधी पाय बघितले. वहिनीने सगळ्यांचे मोजे काढायला लावले, तळवे पांढरेफटक आणि सुरकुतलेले, बोटांमधली कातडी सुटायला आलेली. पुसून कोरडे केले, पावडर लावली, पाय उघडे ठेवून सॅकवर टेकवले आणि तसेच झोपलो. जेमतेम दोन तास झोप लागली असेल पण उठल्यावर डोकं जागेवर होतं, आणि नकाशा वाचायला तेच लागतं.

1:50,000 चा नकाशा, म्हणजे एक सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर, कंटूरच्या, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या, दोन रेषांमध्ये 20 मीटर चढ. पण झाडीत कंटूर कुठे दिसतात? भाई उतार आणि ओहोळ मोजत खोतीगावच्या बाजूला उतरवत होता. एका ओहोळावर गव्यांचा कळप पाणी पीत होता, पुढचा मोठा नर मान वर करून आमच्याकडेच बघत उभा. आम्ही मागे सरकून बसलो, कळप निघून जाईपर्यंत हललो नाही. वेळ गेला तर गेला, जंगल त्यांचं आहे आणि यावर माझं मत पक्कं आहे.

त्या उतारावर वहिनीचा गुडघा धरला. काही न बोलता तिच्या सॅकमधलं पाणी माझ्याकडे आलं, दोरी आणि औषधांची पेटी भाईकडे, आणि वहिनीच्या पाठीवर नुसती रिकामी सॅक राहिली. आदल्या रात्री मला ओढत नेलं होतं, आता मी तिचं ओझं नेत होते, याचं मला किती बरं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही.

चापोलीच्या तळ्यातला टप्पा पटकन झाला, चारी बाजूंनी डोंगर, वारा अजिबात नाही. खरी चिंता तळपण नदीची. खालच्या पट्ट्यात समुद्राचं पाणी आत चढतं, भरती असेल तर वल्हं मारून मारून जागच्या जागी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, भाईने निघायच्या आधीच हिशोब करून नकाशाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवला होता आणि चापोलीला तो आम्हाला घाई का करत होता ते नदीत कायाक घातल्यावर कळलं. ओहोटी आम्हाला नेत होती. समोर लाटांचा आवाज यायला लागला तेव्हा भाई झोपेने अर्धा बेशुद्ध, काठावर माणसं उभी दिसतायत म्हणत होता, तिथे नुसते माड होते. वहिनी त्याच्याशी मोठ्याने बोलत राहिली म्हणजे वल्हं थांबणार नाही.

वाळूवर चौघे एकदम उतरलो कारण शेवटच्या रेषेलाही एकत्रच जावं लागतं. आम्ही कुठे आहोत ते आयोजकांना कळवणारा ट्रॅकर परत दिला, सॅक उघडून सक्तीचं सामान मोजून घेतलं, आणि मग कुणीतरी गरम पेज आणि लोणचं पुढे ठेवलं. वहिनीला गुडघ्यामुळे खाली बसता येईना, म्हणून आम्ही तिघेही उभ्यानेच जेवलो.