शंभर तास की एकशे एक

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. गणपती तोंडावर आले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि माझ्या टेबलावर पश्चिम किनाऱ्याचा मोठा नकाशा पसरला होता. त्यावर पेन्सिलीने मारलेल्या चार रेषा: मंगळूर, कारवार, गोवा, रत्नागिरी. प्रत्येक रेष किनाऱ्याजवळून निघून पाणी २०० मीटर खोल होईपर्यंत पश्चिमेला जाणारी. प्रत्येक रेषेवर आठ ठिपके. एकेका ठिपक्यावर जहाज थांबवायचं, तळापर्यंत उपकरणं सोडायची, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर आणायचं. जूनपासून मी हा १४ दिवसांचा बेत बांधत होते. चीफ सायंटिस्ट म्हणून माझी ही पहिलीच क्रूझ.

साडेअकराला फोन आला. जहाज मिळेल, पण सातच दिवस, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आठव्या दिवशी ते दुसऱ्या कामावर निघणार. मार्गाचा पक्का आराखडा संध्याकाळी सहापर्यंत हवा.

समुद्रावरच्या कामाच्या गोष्टी लाटांच्या आणि वादळांच्या असतात. मला मात्र त्या वर्षातला सगळ्यात अवघड दिवस आठवतो तो हा, गोव्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत, कोरड्या जमिनीवर बसून काढलेला.

सप्टेंबरच का, ते आधी सांगते. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरांपासून १००० मीटरांपर्यंत पाण्याचा एक जाड थर आहे, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या थरांपैकी तो एक. एरवी तो किनाऱ्यापासून दूर, खोलात असतो. पावसाळ्यात मात्र मोसमी वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, वरचं पाणी बाहेर सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी समुद्रबूड जमिनीवर चढून येतं. शाळेच्या भूगोलात आपण हा शब्द शिकतो आणि विसरतो. किनाऱ्यापुढची ही उथळ, पाण्याखालची जमीन कोचीपुढे साठेक किलोमीटर रुंद आहे, गोव्यापुढे त्याच्या जवळपास दुप्पट, आणि दमणपुढे ३०० किलोमीटरांहून जास्त. आपण खातो ती बहुतेक समुद्री मासळी याच पट्ट्यातली.

त्याच दिवसांत काळी, मांडवी, जुवारी आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या सगळ्या नद्या पुराचं गोडं पाणी समुद्रात ओततात. ते हलकं असल्यामुळे दुधावर साय धरावी तसं पाच-दहा मीटर जाडीने वर पसरतं. त्याचं झाकण बसतं आणि वरची हवा खाली पोचत नाही. खाली मेलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कुजत राहतं, त्यात उरलासुरला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू नायट्रेट वापरायला लागतात. तेही सरलं की सल्फेट, आणि तेव्हा पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. या उलाढालीत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. वातावरण तापवण्यात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. आपल्या किनाऱ्यावरून तो किती मोठ्या प्रमाणात हवेत जातो हे समुद्रशास्त्रज्ञ डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं. गोव्यातल्या कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागेचं पाणी तर १९९७ पासून पुन्हा पुन्हा तपासलं जातंय.

हे सगळं टोकाला पोचतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आधी गेलं तर समुद्र खवळलेला असतो आणि गोष्ट अर्धवट असते. नोव्हेंबरात प्रवाह उलटा फिरतो आणि सगळं धुऊन निघतं. उपग्रहाचा आधार घ्यावा, तर पावसाळी ढगांखालचं त्याला नीट दिसत नाही, आणि तळाजवळचं तर कधीच दिसत नाही. तिथे बाटली घेऊनच जावं लागतं.

मी हिशोब मांडायला घेतला. सात दिवस म्हणजे १६८ तास. खराब हवेसाठी एक दिवस बाजूला. बंदरातून निघणं, वाट दाखवणारा बंदराचा पायलट, उपकरणांची चाचणी, परत येणं यांचे १२ तास. उरले १३२. जहाज ताशी नऊ सागरी मैल चालणार. गोव्याहून मंगळूर सुमारे १५५ मैल, म्हणजे १७ तास. तिथली रेष करायला २२. मंगळूर ते कारवार १३ तास, तिथली रेष २२. गोव्याकडे ५, पुन्हा २२. वर रत्नागिरीला जायला १०, तिथली रेष जास्त लांब म्हणून २६, परतायला १०. बेरीज १४७. पंधरा तास जास्त.

एक रेष काढावी लागणार होती. कारवार आणि गोवा मध्यावर, त्यांना हात लावता येत नव्हता. म्हणून एकदा रत्नागिरी वगळून बेरीज केली: १०१ तास. मग मंगळूर वगळून, कारवारहून सुरुवात करून: १०० तास. मी पेन खाली ठेवलं. बेरजेत एक तरी रेष हरेल आणि मला काही ठरवावं लागणार नाही, अशी मला आशा होती.

माझं मन कुठे ओढ घेत होतं ते मला पक्कं माहीत होतं. मी देवगडची. रत्नागिरीची रेष मीच आग्रहाने बेतात घातली होती. गोव्याच्या वरच्या त्या पाण्यात पावसाळ्याच्या शेवटी घेतलेले नमुने आमच्याकडे नव्हतेच, आणि माझ्या लहानपणीच्या समुद्राला नकाशावर कोरी जागा म्हणून बघणं मला जड जात होतं.

त्यातच दोनच्या सुमाराला तात्यांचा फोन. तात्या म्हणजे माझे काका, चाळीस वर्षं मासेमारी केलेले. नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या होत्या. “बाय, पाण्याक वास येता हा,” ते म्हणाले. “मासो काठाक इलो हा. तुमका कळव्चा म्हणून फोन केलंय.” मासा काठाला आला की रापण, म्हणजे काठावरून ओढायचं जाळं, भरते, लोक खूश असतात. तात्या खूश नव्हते. खाली श्वास कोंडला की मासा उथळ पाण्यात पळून येतो, हे त्यांनी मला मी संशोधनात येण्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, अर्थात ऑक्सिजन हा शब्द न वापरता.

फोन ठेवला आणि मी आराखड्यात मंगळूरवर काट मारली.

आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ काका तेव्हा खोलीत आले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, आयुष्य रोझेटच्या, म्हणजे पाणी आणणाऱ्या बाटल्यांच्या गोल चौकटीच्या, बाटल्यांची रबरं बदलण्यात आणि ती खाली-वर करणाऱ्या विंचच्या केबलवर नजर ठेवण्यात गेलेलं. त्यांनी काट बघितली, काही बोलले नाहीत. कपाटातून जुन्या नोंदवह्या काढून आणल्या आणि एकेक उघडून मांडल्या. मंगळूरची रेष, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पुढची वही, तोच पंधरवडा, तेच ठिपके. त्याच्या पुढची, तेच. मध्ये एकच वर्ष गाळलेलं. मग त्यांनी रत्नागिरीची एकुलती एक वही दाखवली. डिसेंबरची.

“मॅडम, डिसेंबरचं पाणी आणि सप्टेंबरचं पाणी, हे दोन वेगळे समुद्र,” ते म्हणाले. “यंदाचं रत्नागिरीचं कशाच्या शेजारी ठेवणार?”

मला राग आला, खरंच आला. कुठेतरी पहिला नमुना घ्यावाच लागतो की! कधीच गेलो नाही म्हणून कधीच जायचं नाही, हा कसला न्याय? मी त्यांना हे बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाळलेल्या वर्षाच्या वहीवर बोट ठेवलं. त्या वर्षी कुणीतरी नवीन जागेचा मोह धरला होता. तिथे पुन्हा कुणी गेलं नाही, आणि मंगळूरच्या आलेखात मात्र खड्डा कायमचा राहिला. ऑक्सिजन दरवर्षी कमी होतोय का, हा आमचा मूळ प्रश्न. पाणी खालून वर येण्याची सुरुवात दक्षिणेकडे होते आणि मग ती उत्तरेला सरकते. दक्षिणेचं टोक सोडलं तर वरच्या रेषांवर दिसेल ते यंदा उशिरा आलं की कमी आलं, हे सांगता येणार नव्हतं.

चार वाजता मी मंगळूर परत घातलं आणि रत्नागिरी खोडली.

माझी विद्यार्थिनी हिशोब तपासत होती. “मॅडम, १३२ वजा १०१, ३१ तास उरतात. रत्नागिरीची अर्धी रेष?” जाण्यायेण्याचे २०, अर्ध्या रेषेचे १३. तेहेतीस. दोन तासांनी चुकत होतं, आणि ते दोन तास कुठूनही काढता आले असते. पण मग गोव्याच्या ३० मीटरच्या ठिपक्यावर २४ तास एकाच जागी थांबायचं होतं, ते गेलं असतं. भरतीओहोटीबरोबर तळाचं पाणी आतबाहेर सरकतं. दुपारी घेतलेला आकडा आणि मध्यरात्री घेतलेला आकडा यांत किती फरक पडतो ते कळल्याशिवाय बाकीच्या सगळ्या ठिपक्यांवर किती विश्वास ठेवायचा ते कळत नाही. तो थांबा मी सोडला नाही.

शेवटचा दीड तास गेला वेळा बसवण्यात. जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे महिने संपले की किनाऱ्याजवळ जाळ्यांचा सुळसुळाट असतो, रात्री त्यांच्या खुणा दिसत नाहीत. केबलमध्ये जाळं अडकलं तर आमची बाटल्यांची रोझेट जाईल, आणि कुणाचं तरी हजारोंचं जाळं फाटेल. म्हणून उथळ ठिपके दिवसाउजेडी आणि खोल ठिपके रात्री, असं प्रत्येक रेषेला उलटसुलट करून पाहावं लागलं. कॅप्टनसाहेबांना फोन करून लाटांची मर्यादा पक्की केली. सहाला सात मिनिटं असताना आराखडा पाठवला.

रत्नागिरीचं मनातून जात नव्हतं. रात्री जेवताना सुचलं, की माझ्याकडे जहाज नाही, पण तात्यांची होडी आहे. ती काही रत्नागिरीच्या रेषेची जागा घेऊ शकत नव्हती, एका ठिपक्याने रेष होत नाही. पण निदान एक बाटली तरी भरून येणार होती.

विसर्जन आटोपल्यावर, क्रूझच्या आधी चार दिवस, मी आणि विद्यार्थिनी देवगडला गेलो. हव्या त्या खोलीवर बंद करून तिथलं पाणी आणणारी पाच लिटरची एक निस्किन बाटली, खुणा केलेली दोरी, दोरीवरून घरंगळत जाऊन बाटली बंद करणारं पितळी वजन, काचेच्या लहान बाटल्यांचा क्रेट, दोन रसायनं. नायट्रेटचे नमुने थंड ठेवायला थर्माकोलचा खोका, आणि त्यात बंदरावरून घेतलेला मासळीचाच बर्फ. पहाटे निघालो. २० मीटर पाण्यावर तात्यांनी इंजिन बंद केलं.

पाच मीटरवरचं पाणी आधी घेतलं. ऑक्सिजनचा नमुना सगळ्यांत पहिला काढायचा असतो, नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, एकही बुडबुडा न येऊ देता. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली पद्धत आजही तीच आहे. मँगनीज क्लोराइड घालायचं, मग अल्कली आयोडाइड, झाकण लावून बाटली हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चहासारखा तपकिरी साका धरतो. तसाच धरला. तात्या वाकून बघत होते.

मग तळाच्या वर मीटरभर अंतरावर बाटली सोडली, वजन घरंगळलं, दोरीला हलका झटका बसला. वर ओढली. हवेसाठी वरची खीळ सैल केली आणि वास आला. फार नाही, पण नाकाला कळेल इतका. विद्यार्थिनीने नमुना काढला, दोन्ही रसायनं घातली, हलवली. साका खाली बसू लागला. पांढरा, दह्याच्या निवळीखाली बसतो तसा. तपकिरी रंगाची छटासुद्धा नाही. पुस्तकात वाचलेलं, गोव्यासमोर अनेकदा पाहिलेलं. पण समोर देवगडचा दीपस्तंभ दिसत असताना हातात ती पांढरी बाटली धरायची माझी तयारी नव्हती. आमच्या खाली, जिथे मी लहानपणी तात्यांच्या गळाला लागलेली गोब्री पाहिली होती, तिथे त्या सकाळी श्वास घेण्यासारखं काही नव्हतं.

तात्यांनी निस्किनचा नळ जरासा उघडून ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं.

“ह्योच तो वास,” ते म्हणाले.

एका नमुन्यावर विसंबायचं नसतं. मी वहीत वेळ, अक्षांश, रेखांश, खोली लिहिली, पुढची ओळ कोरी सोडली, आणि तात्यांनी न सांगता दोरी पुन्हा पाण्यात सोडायला घेतली.