दोन सदरे आणि एक गणवेश

गुरुवार, रात्री

भाचा आलाय जळगावहून. एफएमजीईच्या, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांच्या परीक्षेच्या, क्लासची चौकशी करायला. जेवणं झाल्यावर मोबाइलमधले युक्रेनमधल्या ओडेसाचे जुने फोटो दाखवत बसला. युद्धाआधीचा हिवाळा, कोटात गुरफटलेली चार पोरं आणि मागे रोमन टोगा पांघरलेला एक पुतळा, हात समुद्राकडे केलेला.

"हा कोण रे?"

"ड्यूक."

"कुठला ड्यूक?"

"अगं मावशी, ड्यूक म्हणजे ड्यूक. तिथे सगळे 'ड्यूकपाशी भेटू' असंच म्हणतात."

पुतळ्यापासून बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्या १९२, हे त्याला पाठ. पुतळा कोणाचा, ते तीन वर्षांत विचारावंसं वाटलं नाही. पोहायला कुठे जायचात, तर म्हणे लांझरोनच्या किनाऱ्यावर. ते नाव कुठून आलं, तेही ठाऊक नाही. मी कपाळाला हात लावला, पण मला तरी कुठे माहीत होतं? तो झोपल्यावर शोधत बसले. दोन्ही नावं फ्रेंच निघाली. दोघे उमराव, दोघे लष्करी, दोघेही राज्यक्रांतीमुळे देशाबाहेर राहिलेले.

बावीस वर्षं मी शाळेत ही राज्यक्रांती शिकवली. बॅस्टिल, राष्ट्रीय सभा, गिलोटिन, नेपोलियन. त्यात एक वाक्य असायचं, 'अनेक उमराव परदेशी पळाले.' पूर्णविराम. तिथून पुढे ते काय खात होते, कुठे झोपत होते, हे कुठल्या मुलानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शुक्रवार

दुपारची झोप गेली या ड्यूकपायी.

आर्मां-एमान्युएल, ड्यूक द रिशेल्यू. जन्म पॅरिसचा, १७६६. प्रसिद्ध कार्डिनल रिशेल्यूच्या बहिणीच्या वंशातला. आजोबा फ्रान्सचे मार्शल आणि बायकांच्या बाबतीत भलतेच कीर्तिमान. नातवाचं लग्न पंधराव्या वर्षी घरच्यांनी ठरवून लावलं. रोझाली त्याच्याहून लहान, पाठीला बाक असलेली. लग्न लागलं आणि नवरदेव शिक्षकाला घेऊन युरोपच्या प्रवासाला निघून गेले! पुढे दोघांनी एकमेकांना जन्मभर आदरानं पत्रं लिहिली, पण संसार असा झालाच नाही. मूलबाळ नाही. सगळीकडे हे दोन ओळींत उरकलंय. मला मात्र त्या मुलीचा विचार सोडवेना. राजाची मर्जी गेली, देश गेला, सगळ्याची नोंद आहे. तिचं काय गेलं ते कोण लिहिणार?

५ ऑक्टोबर १७८९ला पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, तेव्हा हा साध्या माणसाच्या वेषात गर्दीत शिरला आणि राजाला सावध करायला पुढे पोचला, असं सांगतात. त्यानंतर व्हिएन्ना. तिथे कळलं की रशियन फौज डॅन्यूबकाठच्या इझ्माइल किल्ल्यावर घाव घालणार आहे. हा, व्हिएन्नातला एक मित्र आणि तो लांझरोन, तिघे स्वयंसेवक म्हणून गेले. डिसेंबर १७९०. सेनापती सुवोरोव्ह.

(त्याच वर्षी इकडे महादजी शिंद्यांची, डी बॉयननं कवायत शिकवलेली पलटणं पाटण आणि मेडत्याला लढत होती. तोही परक्याच्या चाकरीतला, फ्रेंच बोलणारा. पण त्याला कोणी हाकललं नव्हतं.)

इथे मी थांबले. १७९०मध्ये रिशेल्यू निर्वासित नव्हताच की! चोवीस वर्षांचा, लढाई बघायला निघालेला हौशी तरुण होता. घर त्यानं स्वतःच्या पायानं सोडलं. परतायची वेळ येईपर्यंत मागे दार लागून गेलं होतं. मालमत्ता जप्त झाली, राजाचं डोकं उडालं आणि मग हौशी पोराचा परागंदा उमराव झाला. क्रांतीनं देशोधडीला लावलेला शूर सरदार, अशी गोष्ट सांगायला सोपी. खरा प्रकार ओशाळवाणा आणि जास्त ओळखीचा आहे.

इझ्माइलमध्ये सव्वीस हजारांच्या आसपास तुर्की माणसं मेली. गळे चिरलेल्या बायकांच्या मधे लपलेली दहाएक वर्षांची पोर त्यानं दोन कोसॅकांच्या हातून सोडवली. इंग्रज कवी बायरननं तो प्रसंग उचलून 'डॉन जुआन'मध्ये घातला आणि प्रस्तावनेत तसं कबूलही केलं. बक्षीस म्हणून रिशेल्यूला सोन्याची तलवार मिळाली. पोरीसाठी नव्हे, हल्ल्यासाठी.

शनिवार

भाच्याला चहासोबत ड्यूक पाजतेय. तो सहन करतोय.

१८०३मध्ये झार अलेक्झांडरनं त्याला ओडेसाचा कारभार दिला. गाव नऊ वर्षांचं. त्याआधी तिथे खाजिबे नावाचा छोटा तुर्की किल्ला होता, तो रशियानं घेतला सप्टेंबर १७८९मध्ये. म्हणजे पॅरिसमध्ये बॅस्टिल पडल्यावर दोन महिन्यांनी. याचं घर मोडायला लागलं आणि याचं गाव दुसऱ्या कुणाकडून हिसकावलं गेलं, दोन्ही एकाच वर्षी. पुढे हाच माणूस काकेशसमधल्या चेर्केस लोकांवरच्या मोहिमांतही होता. त्याला संत करायची घाई नको.

पण काम केलं बाबानं. अकरा वर्षांत आठ-नऊ हजारांच्या वस्तीचं तीस-पस्तीस हजारांचं बंदर झालं. ग्रीक, ज्यू, इटालियन, जर्मन, पळून आलेले रशियन भूदास, सगळ्यांना जागा. गहू बाहेर जायचा, पैसा आत यायचा. नाट्यगृह उभं राहिलं. उघड्या माळावर सावली नाही म्हणून बाभळीच्या जातीची पांढऱ्या फुलांची झाडं लावली. कुणाच्या दारचं झाड सुकलेलं दिसलं की हा स्वतः जाऊन 'जरा पाणी घाला हो' म्हणायचा, असं सांगतात. भाचा म्हणाला, "ती झाडं अजून आहेत. मे महिन्यात वास सुटतो."

१८१२ला प्लेग आला. अख्खं शहर घरात कोंडलं, दारोदार शिधा पोचवला. तरी अडीच हजारांवर माणसं गेली. पुरायला कोणी धजेना तेव्हा ड्यूकनं स्वतः फावडं हातात घेतलं म्हणतात. हे वाचताना २०२०चा एप्रिल आठवला आणि पुढचं पान जरा वेळानं उलटलं.

१८१४ला नेपोलियन पडला. दार उघडलं. निघताना त्याच्याजवळ एक गणवेश आणि दोन सदरे एवढंच होतं, बाकी सगळं वाटून टाकलं होतं, असं सांगतात. पुढल्याच वर्षी तो फ्रान्सचा पंतप्रधान! आधीचा पंतप्रधान तालेराँ फणकारला की क्राइमियाची सर्वांत जास्त माहिती असलेला फ्रेंच माणूस निवडलात. बोचरं आहे, पण अगदीच खोटं नाही. वीसहून जास्त वर्षं रशियन गणवेश घातलेल्या माणसाला पॅरिसमधले डावपेच कसे जमावेत? हरलेल्या देशावर सत्तर कोटी फ्रँकची खंडणी आणि दीड लाख परकी सैन्य लादणाऱ्या तहावर त्याला सही करावी लागली. जिवंतपणापेक्षा मेलेला जास्त होतो त्या घटकेला, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. तीन वर्षांत ते सैन्य घालवलं. संसदेनं वर्षाला पन्नास हजार फ्रँकचं उत्पन्न देऊ केलं, ते त्यानं बोर्दोच्या रुग्णालयांना दिलं. १८२२च्या मे महिन्यात गेला, पंचावन्नाव्या वर्षी. ओडेसाला परतणं जमलं नाही. पुतळा गेला, १८२८मध्ये.

रविवार

"तू निघालास तेव्हा काय होतं रे तुझ्याजवळ?"

"सॅक. पासपोर्ट, लॅपटॉप, मार्कशीट, बिस्किटं."

ओडेसाहून बसनं मोल्दोव्हाची हद्द, मग बुखारेस्ट, मग सरकारी विमान. मार्च २०२२. त्याच महिन्यात ड्यूकभोवती वाळूची पोती रचली होती. तो फोटो दाखवला तर बराच वेळ मोठा करून बघत बसला. नुसतं डोकं आणि पुढे केलेला हात दिसत होता. १८५४च्या तोफगोळ्यानं चौथऱ्याचा टवका उडाला होता, तिथे लोखंडी पत्रा बसवलाय, तो पोत्यांत झाकला गेला होता. "आम्ही त्या पत्र्यावर हात ठेवून फोटो काढायचो," एवढंच म्हणाला.

उरलेलं शिक्षण त्यानं जॉर्जियात पुरं केलं. तिथल्या कुठल्या पुतळ्याचा फोटो मात्र मोबाइलमध्ये नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. क्लासची फी विचारली, जेवतोय का नीट विचारलं आणि मग नेहमीचंच, हॉस्टेलच्या कपाटात राहिलेल्या पाच लिटरच्या कुकरचं काय झालं. कुणी पाठवून देईल का म्हणे, तिथली कोणी मुलगी, शेजारी? भाचा शेजारी बसून हातानंच खूण करत होता, नाही म्हण, नाही म्हण. मी म्हटलं, विचारून बघते.