टेन्शननं मेंदू वाळतो का?

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी कोल्हापुरात लोक 'सर' म्हणायचं सोडत नाहीत आणि प्रश्न विचारायचंही. रंकाळ्यावर फिरताना हमखास येणारा एक प्रश्न म्हणजे, "सर, टेन्शननं मेंदू वाळतो म्हंत्यात, खरं हाय का?" विचारणारा बहुतेक वेळा नीटला बसलेल्या पोराचा बाप असतो, नाहीतर कर्जात अडकलेला. तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून आज जरा बैजवार सांगतो.

अर्धं खरं आहे. आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मेंदूत असतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅकइवन यांनी 1968 मध्ये उंदरांत दाखवलं, की ताणाचं संप्रेरक रक्तातून येऊन नेमकं इथल्या पेशींना चिकटतं. ताण लांबला की या पेशींच्या फांद्या आखूड होतात, हे पुढं दिसलं. 'मेंदू वाळतो' ही वार्ता तिथून सुटली. पण फांद्या आखडणं म्हणजे पेशी मरणं नव्हे. ताण हटला की त्या पुन्हा वाढतात.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधलं सुमंत्र चॅटर्जी यांचं काम. तिथं उंदरांना 10 दिवस, रोज 2 तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या, त्यात नवल नव्हतं. पण भीतीचा कारभार बघणाऱ्या अमिग्डलात त्या चक्क वाढल्या! अजय व्यास आणि चॅटर्जी यांचा हा निबंध 2002 चा. मग त्यांनी उंदरांना 21 दिवस निवांत सोडलं. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डला तशीच राहिली आणि उंदरांची धास्तीही.

म्हणजे ताणानं मेंदू सरसकट वाळत नाही. एक भाग आखडतो, दुसरा माजतो, आणि माजलेला लवकर ऐकत नाही.

2005 मध्ये चॅटर्जींच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. ताण फक्त एकदाच, 2 तास दिला. दुसऱ्या दिवशी काही फरक नाही. दहाव्या दिवशी मात्र अमिग्डलातल्या पेशींवर नवे जोड उगवलेले आणि उंदीर बिथरलेले.

हे वाचताना मला 2019 चा महापूर आठवतो. पाणी चढत होतं तेव्हा आमच्या पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडी या गावांतली माणसं खमकी होती. जनावरं सोडवली, म्हातारी माणसं नावेत घातली. कुणी रडत बसलं नाही. पाणी उतरलं, घरं धुतली, पंचनामे झाले, आणि मग एकेकाची झोप उडाली. घरचे म्हणायचे, "आता कशाला भितोस, पूर गेला की." चिखलीचे आमचे एक पाहुणे अजूनही जुलैत राजाराम बंधाऱ्याची पातळी रात्रभर मोबाइलवर बघत बसतात. इशारा पातळी 39 फुटांवर, धोका 43 वर. यांची छाती 30 लाच धडधडते.

उंदरावरून माणसाकडं अशी उडी मारू नये, हे मीच वर्गात शिकवायचो. ते प्रयोग नर उंदरांवरचे होते, आणि पुरानंतर घरातला चिखल उपसणाऱ्या बहुतेक बायका असतात. शिवाय व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचा 2002 चा एक अभ्यास आहे. युद्धाच्या धक्क्यातून न सावरलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. पण युद्धावर कधीच न गेलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही लहान निघाला! तेव्हा काही जणांत तो आधीपासूनच लहान असतो, ताणानं झालेला नसतो.

ताणाचं हे संप्रेरक म्हणजे माणसात कॉर्टिसोल. 'कॉर्टिसोल घटवा' म्हणून चूर्ण विकणाऱ्यांची तर मला गंमत वाटते. चॅटर्जींच्याच प्रयोगशाळेत 2012 मध्ये दिसलं, की धक्क्याच्या वेळी हे संप्रेरक पुरेसं असेल तर अमिग्डलातला तो उशिरा होणारा बदल टळतो. ज्याला आपण खलनायक ठरवलं, तोच इथं राखण करतो.

तालमीतली पोरं पुरानंतर चादरी, शिधा घेऊन पहिल्या आठवड्यात धावतात. माझं त्यांना सांगणं असतं, दसऱ्याला सोनं द्यायला पुन्हा जा, आणि झोप लागते का तेवढं विचारा. नाही म्हणाला, तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावून द्या. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.